दिनचर्या विकत मिळत नाही

मंडळी, दरवर्षी नरकचतुर्दशीला आपल्या घरांत एक सोहळा होतो. देसी ग्रोसरीतून आणलेली उटण्याची पुडी फुटते, वाटीत तेल कोमट होतं, मुलं अर्धवट झोपेत कुरकुरत बसतात, कारीट मिळत नाही म्हणून कुणी चेरी टोमॅटोवर अंगठा चालवतो, आणि फोटो ताबडतोब पुण्या-मुंबईला रवाना होतात. छानच आहे. हौस असावी. पण हेच अभ्यंग आयुर्वेदाने वर्षातून एकदा करायला सांगितलेलं नाही, रोज सांगितलं आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय 'दिनचर्या' याच नावाचा आहे, आणि त्यात अभ्यंगासाठी 'नित्य' असा शब्द आहे. म्हणजे जी गोष्ट दात घासण्याइतकी साधी होती, ती आपण सणाची केली. आणि एकदा सणाची केली की बाकीचे ३६४ दिवस मोकळे!

आता कुणी म्हणेल, हल्ली तर आयुर्वेदाला इथे केवढे चांगले दिवस आलेत. योगा स्टुडिओत आयुर्वेद, मॉलमध्ये आयुर्वेद, फोनवर रोज सकाळी आयुर्वेद. तेच तर माझं दुखणं आहे. आपल्यात सध्या दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष आयुर्वेद विकत घेतो. दुसरा पक्ष 'आम्हाला वेळ नाही' म्हणून तो हसण्यावारी नेतो. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण दोघांनीही मूळ अध्याय उघडून पाहिलेला नाही.

दुकानातली सकाळ

पहिल्या पक्षाची सकाळ कशी असते? तांब्याचा नक्षीदार जग, वात-पित्त-कफाच्या तीन वेगळ्या बाटल्या, मालिशीचे रेशमी हातमोजे, दर महिन्याला घरपोच येणारी चूर्णं. आधी इंटरनेटवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन आपली 'प्रकृती' काढायची आणि मग त्या प्रकृतीला साजेशी खरेदी करायची. योगायोग असा, की कुठलीही प्रकृती निघाली तरी काहीतरी विकत घ्यावंच लागतं!

वाग्भटाची यादी बघा. दात घासायला खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची काडी. अंगाला तेल. मग व्यायाम. मग आंघोळ. चरकाने जीभ खरवडायच्या पट्टीसाठी सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ असे धातू सांगितले आहेत. म्हणजे राजापासून सामान्य माणसापर्यंत ज्याला जे जमेल ते. आजची स्टीलची पट्टी एक-दोन डॉलरला मिळते आणि जन्मभर टिकते. हा सगळा खर्च एका पिझ्झ्यापेक्षा कमी आहे.

आपल्याला हळदीची गोष्ट आठवते ना? १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून दावा लढवला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आज तीच हळद दुधात घालून 'गोल्डन मिल्क' या नावाने कॉफीच्या दुकानात पाच-सहा डॉलरला घेतो आणि मुलांना सांगतो, बघ, आपली परंपरा! पेटंट परत मिळवलं, सवय मात्र दुकानाला देऊन टाकली.

बाटलीत काय आहे?

इथपर्यंत फक्त पैशांचं नुकसान आहे. यापुढचं जास्त गंभीर आहे.

२००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातल्या आपल्याच दक्षिण आशियाई दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत आणून तपासली गेली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ साली त्याच संशोधकांच्या चमूने इंटरनेटवरून घेतलेली १९३ उत्पादनं तपासली, तेव्हाही प्रमाण पाचातलं एक असंच निघालं. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत बनवलेली उत्पादनं भारतात बनवलेल्यांपेक्षा काही चांगली ठरली नाहीत.

हे आकडे सांगितले की काही मंडळी रागावतात. 'परदेशी कंपन्यांचा कट' म्हणतात. काही जाणकार म्हणतात, शास्त्रोक्त पद्धतीने शुद्ध केलेलं भस्म आणि भेसळ यांत फरक असतो. असेलही. पण देसी ग्रोसरीच्या फडताळावर डाळीच्या पिशवीशेजारी उभी असलेली बाटली बघून तो फरक तुम्हाला-मला कसा कळणार? १९९४ च्या कायद्याप्रमाणे या गोष्टी इथे 'डाएटरी सप्लिमेंट' म्हणून विकता येतात आणि बाजारात येण्यापूर्वी एफडीएची मंजुरी लागत नाही. भारतात वैद्याला पदवी लागते, नोंदणी लागते. अमेरिकेत एकाही राज्यात आयुर्वेदाच्या वैद्याला परवाना देण्याची व्यवस्था नाही. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकून नाडी बघणारा आणि निघताना तीन डब्या हातात देणारा माणूस कोण आहे, हे विचारणारं कुणीच नाही. मग निदान आपण तरी विचारूया! लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. शिसंही नैसर्गिकच असतं.

माझा मुद्दा आयुर्वेद टाकून द्या असा मुळीच नाही. उलट आहे. दिनचर्या हा आयुर्वेदाचा असा भाग आहे, की ज्यात गोळी नाही, चूर्ण नाही, भस्म नाही. निरोगी माणसाने निरोगी राहण्यासाठी काय करावं, एवढंच त्यात आहे. नेमका तोच भाग आपण सोडला आणि बाटल्या तेवढ्या धरल्या. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून त्याजागी काढा सुरू करणं ही दिनचर्या नव्हे. तो जुगार आहे.

जुनं ते सगळंच सोनं नाही

आता थोडं आपल्या भाविक मंडळींशी. 'ऋषींनी सांगितलंय' म्हटलं की प्रश्न विचारायचा नाही, असं त्यांचं मत. ठीक आहे. मग त्याच अध्यायात रोज डोळ्यांत घालायला खनिज अंजन सांगितलं आहे, ते घालता का? नका घालू. काजळ आणि सुरमा यांच्या अनेक नमुन्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि एफडीएची त्यांना परवानगी नाही. रोजचं औषधी धूम्रपान सांगितलं आहे, ते करता का? नाही. म्हणजे निवड आपण करतोच. फक्त कबूल करत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कित्येक घरांत बायका पिढ्यान्‌पिढ्या सकाळी मशेरी लावत आल्या. भाजलेला तंबाखू हिरड्यांवर चोळायचा. तीही जुनीच सवय, तीही पहाटेचीच. तिला कुणी वारसा म्हणून मिरवत नाही, आणि मिरवूही नये. जुनेपणा हा काही गुण नव्हे. उपयोग होतो का आणि अपाय होत नाही ना, हे दोन प्रश्न प्रत्येक सवयीला विचारायलाच हवेत.

जलनेतीचंच घ्या. ती मूळची हठयोगातली. आयुर्वेदात नाकात तेलाचे थेंब सोडायचं नस्य आहे. पण सध्या दोन्हींची सरमिसळ होऊन नेतीचं भांडं घरोघरी आलं आहे. २०११ साली लुइझियाना राज्यात नळाचं पाणी वापरून नाक धुतल्यामुळे दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली. पिण्याला चांगलं असलेलं पाणी नाकाला चांगलं असतंच असं नाही. नेती करायचीच असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर तीन ते पाच मिनिटं उकळून गार केलेलं.

मुलांचे दात घासायचे ते फ्लोराइडच्या पेस्टने, दिवसातून दोन वेळा. तेलाच्या गुळण्या हव्या तर वरून करा, पेस्टच्या ऐवजी नको.

ब्राह्ममुहूर्त कुठला धरायचा?

आता सर्वांत आवडता उपदेश: पहाटे ब्राह्ममुहूर्तावर उठा. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी ब्राह्ममुहूर्त सुरू होतो असा सर्वसाधारण हिशेब आहे. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि डिसेंबरअखेर सातच्या. एक तासाचा फरक. त्यामुळे पुण्यात साडेचार-पाचला उठणारे आजोबा वर्षभर एकाच वेळी उठले तरी चालून जातं.

आता शिकागोला या. २१ जूनला सूर्योदय सव्वापाचला आणि सूर्यास्त साडेआठला. म्हणजे ब्राह्ममुहूर्त पहाटे पावणेचारच्याही आधी, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेलेले. झोपायचं कधी? डिसेंबरात सूर्योदय सव्वासातला. शिकागोतला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसापेक्षा सुमारे सहा तासांनी मोठा असतो. पुण्यात हा फरक सव्वादोन तासांचा आहे. शिवाय सरकार वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतं ते वेगळंच. एडिसनचे किंवा लंडनचे पाहुणे हे वाचत असतील तर त्यांनी आपापला हिशेब मांडावा. लंडनवाल्यांचा तर याहून विचित्र निघेल.

आयुर्वेद देश आणि काळ बघायला सांगतो. दिनचर्येच्या पुढचाच अध्याय ऋतुचर्येचा आहे. तेव्हा ४५ अंशांच्या आसपास राहून २० अंशांचं घड्याळ चालवणं ही ग्रंथावरची निष्ठा नव्हे. शिवाय वाग्भट पहाटे उठायला सांगतो ते निरोगी माणसाला. रात्री बारापर्यंत भारतातल्या टीमबरोबर कॉलवर असलेल्या माणसाने साडेचारला उठणं हा आयुर्वेद नाही, जागरण आहे.

आणि मुलांना तर यात ओढूच नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१४ साली सांगितलं, की मिडल आणि हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत, कारण त्या वयात शरीराची झोपेची वेळच उशिरा सरकते. चौदा वर्षांच्या मुलाला पाचला उठवून 'आमच्या वेळी' सुरू करणाऱ्या बाबांनी हे वाचावं. आमच्या वेळी नऊला दिवा मालवत होते, हेही सांगावं.

'२०१७ चं नोबेल आपल्या दिनचर्येलाच मिळालं' असा निरोप फोनवर फिरतो. ते नोबेल शरीरातल्या घड्याळाच्या जनुकांवरच्या संशोधनाला मिळालं, आणि ते काम फळमाश्यांवर झालं होतं. त्यात अभ्यंग नव्हतं. आपल्या चांगल्या गोष्टीला खोट्या प्रमाणपत्राची गरज का भासावी?

'वेळ नाही' पक्षाला

आता दुसरा पक्ष. हे लोक वरचं सगळं वाचून खूश झाले असतील: 'बघा, मी म्हणतच होतो!' थांबा जरा.

आपल्या लोकांचं इथलं आरोग्य काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांनाही मधुमेह लवकर गाठतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा अभ्यास करणारा 'मसाला' नावाचा प्रकल्प २०१० पासून शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात मुद्दाम आपल्यावर चालला आहे. दिनचर्येने मधुमेह बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण वेळेवर झोप, वेळेवर जेवण आणि रोजची हालचाल या तीन गोष्टी तुमचा इथला डॉक्टरही सांगतो. तो सांगतो तेव्हा आपण मान डोलावतो, आजी सांगते तेव्हा हसतो.

आणि वेळ नाही म्हणजे काय? सकाळी डोळा उघडल्यावर पहिली वीस मिनिटं फोन हातात असतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. मी वीसच मिनिटं मागतो आहे:

उठल्यावर शौच, मग जीभ आणि दात. एक पेला कोमट पाणी. मग दोन चमचे तिळाचं तेल. सगळ्या अंगाला रोज जमत नसेल तर वाग्भटानेच सोय करून ठेवली आहे: डोकं, कान आणि तळपाय, इथे तरी विशेष करून लावावं. पाच मिनिटं पुरतात. सगळ्या अंगाचं शनिवारी. इथल्या हिवाळ्यात फर्नेसच्या कोरड्या हवेने पोटऱ्यांची कातडी भेगाळते, तिला याहून स्वस्त उपाय नाही. सर्दी-कफ झाला असेल किंवा अजीर्ण असेल तर तेल लावू नये, हेही त्याच ग्रंथात आहे.

मग दहा मिनिटं व्यायाम. सूर्यनमस्कार घाला. ते वाग्भटात नाहीत, पण औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकात त्यांचा घरोघरी प्रसार केला, आणि त्यांना सतरंजीएवढीच जागा लागते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं ग्रंथ सांगतो. जो अति करतो त्याची गत हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी होते, असा दाखलाही देतो. एक जानेवारीला जिम लावून पंधरा जानेवारीला गुडघा धरून बसणाऱ्यांनी हा दाखला फ्रिजवर चिकटवावा. मग गरम पाण्याची आंघोळ, आणि भूक लागली असेल तर बसून न्याहारी. पोहे, उपमा, ओटमील, काहीही, पण बसून. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं तर संपादक हा लेख छापणार नाहीत.

दोन सूचना खास इथल्या घरांसाठी. चायनीज दुकानातलं तांबूस, खमंग वासाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं; ते नूडल्ससाठी. अंगाला फिक्या रंगाचं, कच्च्या तिळाचं घ्या. आणि तेलाने माखलेले टॉवेल ड्रायरमध्ये गरमागरम ढीग करून ठेवू नका. तेलकट कापड आपोआप तापून पेट घेऊ शकतं. टबमध्ये पाय घसरू नये म्हणून रबरी चटई घाला. आजोबांनी परदेशी येऊन अभ्यंगापायी खुबा मोडून घेऊ नये.

कुणाची सकाळ?

एक गोष्ट या विषयावर बोलणारे पुरुष सहसा बोलत नाहीत. घरात 'आयुर्वेदिक सकाळ' सुरू होते तेव्हा पाणी कोण कोमट करतं? तेल कोण काढून ठेवतं, काढा कोण उकळतं, नंतर टब कोण घासतं? साहेब प्राणायामाला बसतात आणि बाईंच्या दिनचर्येत एक डबा वाढतो. ही दिनचर्या नाही, ही सेवा आहे. आपलं तेल आपण काढावं, आपला टब आपण घासावा. घरातली एक व्यक्ती सर्वांच्या आधी तासभर उठून बाकीच्यांचं आरोग्य सांभाळत असेल, तर त्या घराचं आरोग्य सुधारलं असं म्हणता येणार नाही.

आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांच्याकडे बघा. आई पाचला उठते आणि सातपर्यंत खोलीत अंधारात बसून राहते, पोरांची झोपमोड नको म्हणून. पन्नास वर्षांची सवय आपल्याच घरात अवघडून बसलेली असते. तिला खाली किचनमध्ये दिवा लावू द्या. नातवंडांच्या तळपायांना तेल कसं लावायचं हे तिला विचारा. यापेक्षा चांगलं वर्कशॉप कुठल्याही रिट्रीटमध्ये मिळत नाही.

मंडळाला एक विनंती

शेवटी आपल्या मंडळाकडे येतो, कारण सकाळ आदल्या रात्री ठरते. आपले कार्यक्रम किती वाजता सुरू होतात? पत्रिकेवर पाच, प्रत्यक्षात सव्वासहा. आयएसटी म्हणजे इंडियन स्ट्रेचेबल टाइम हा विनोद करून आपण हसतो. मग नाटक, भाषणं, आभार, आभारांचे आभार, आणि साडेनवाला श्रीखंड-पुरी. मुलं खुर्च्यांवर झोपलेली. दुसऱ्या दिवशी दहाला उठून आपण म्हणतो, आयुर्वेद जमत नाही बुवा.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवण संध्याकाळी साडेसातच्या आत वाढलं जावं, नाटक राहिलं तर जेवणानंतर. दोन, मंडळाच्या जागेत कुठलंही चूर्ण, गोळी किंवा भस्म विकायला टेबल दिलं जाऊ नये, मग ते प्रायोजक असले तरी. दुसऱ्या ठरावाने थोडे पैसे बुडतील. बुडू देत.

आणि एक शेवटचं. दिनचर्येचा तो अध्याय तेल आणि आंघोळीपाशी संपत नाही. त्याचा मोठा भाग वागण्याबद्दल आहे. हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणं, खोटं बोलणं टाळावं. गरजूला मदत करावी. किडा-मुंगीलाही आपल्यासारखंच मानावं. सगळ्यात मधला मार्ग धरावा. आपले दिवस आणि रात्री कशा जाताहेत याची रोज आठवण ठेवावी, असंही शेवटाकडे सांगितलं आहे. या भागाची बाटली अजून कुणी काढलेली नाही. काढता येणारही नाही.

सभेला या. वेळेवर या.